ऑब्जेक्ट फाइलमध्ये जतन करणे: पायथनमधील पिकल

जबलपूरजवळ नर्मदेवर बरगी धरण आहे. त्याची पूर्ण जलाशय पातळी ४२२.७६ मीटर. समजा, तुम्ही 'जलाशय' नावाचा क्लास लिहिला. नाव, पूर्ण पातळी आणि रोजच्या नोंदींची यादी हे त्याचे गुणधर्म. प्रोग्राम संपला की हा ऑब्जेक्ट मेमरीतून जातो. ऑब्जेक्टात यादीचा फक्त पत्ता असतो आणि पुढच्या वेळी तो पत्ता निरर्थक ठरतो. म्हणून ऑब्जेक्ट व त्याला जोडलेले सर्व काही बाइटांच्या सलग ओळीत मांडावे लागते. यालाच सिरियलायझेशन म्हणतात.

फाइल 'डब्ल्यूबी' मोडमध्ये उघडून पिकल मॉड्यूलच्या डम्प फंक्शनला ऑब्जेक्ट आणि फाइल द्या. परत आणताना 'आरबी' मोड आणि लोड. एवढेच.

खरी अडचण पुढे येते. फाइलमध्ये क्लासचे नाव आणि मॉड्यूल जाते, मेथडचा कोड जात नाही. महिन्याभराने तुम्ही इनिट मेथडमध्ये 'उघडे दरवाजे' हा गुणधर्म वाढवला आणि जुनी फाइल लोड केली, तर काय होईल? लोड करताना इनिट चालतच नाही. फाइल विनातक्रार उघडते, आणि त्या गुणधर्माला हात लावताच ॲट्रिब्यूट एरर येते; तीही बहुधा भलत्याच ओळीवर. म्हणून ऑब्जेक्टात आवृत्ती क्रमांक पहिल्या दिवसापासून ठेवा.

अनोळखी माणसाने पाठवलेली पिकल फाइल कधीही लोड करू नका. लोड होतानाच तिच्यातून हवा तो कोड चालवता येतो. नुसत्या नोंदीच द्यायच्या-घ्यायच्या असतील, तर जेसॉन पुरते.