देवगिरीचा हिशेबनीस आणि पॅरिसचा ऑर्गनवादक

१५ जानेवारी १९४१ रोजी गोर्लित्झजवळच्या जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत, कडाक्याच्या थंडीत, चार फ्रेंच कैद्यांनी एक नवी रचना वाजवली. व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि खिळखिळा पियानो. पियानोवर स्वतः संगीतकार होता, ऑलिव्हिए मेसियाँ. ‘काळाच्या अंतासाठी चतुष्टय’ ही विसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य संगीतातली एक मोठी रचना, आणि तिच्या छावणीतल्या जन्माची कथा संगीतप्रेमींनी अनेकदा वाचलेली असते. या कथेत सहसा सांगितली न जाणारी एक गोष्ट आहे. पहिल्या भागात पियानो ज्या लयीत चालतो, ती तीन तालांची आहे: रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. हे ताल लिहून ठेवले आपल्या देवगिरीत, यादवांच्या दरबारातल्या एका हिशेबनिसाने.

शहापूरसारख्या तालुक्याच्या गावी राहून पॅरिसच्या चर्चमधल्या ऑर्गनवादकाचा नाद लागावा, याचं लोकांना नवल वाटतं. ‘इकडे हरिपाठाला पेटी वाजते, तिकडचं काय घेऊन बसलात?’ असं विचारतात. पण ती पेटीही मूळची पॅरिसचीच. आलेक्सांद्र देबँ याने १८४२ मध्ये तिथे हार्मोनियमचं पेटंट घेतलं. मुरबाडच्या देवळात आपण ती इतकी मुरवली की तिचं परकेपण कोणाच्या ध्यानीमनी नाही. मग आपल्याकडची एखादी वस्तू उलट्या दिशेने गेली असेल, तर तिचा माग काढायला काय हरकत आहे?

मेसियाँचं चरित्र थोडक्यात उरकतो. जन्म १० डिसेंबर १९०८, आव्हिन्यों. वडील पिएर इंग्रजीचे शिक्षक आणि शेक्सपिअरचे भाषांतरकार, आई सेसिल सोव्हाज कवयित्री. अकराव्या वर्षी पॅरिसच्या संगीत विद्यालयात प्रवेश. तिथे ऑर्गन मार्सेल द्युप्रेकडे, रचना पॉल द्युकाकडे. मॉरिस एमान्युएलने त्याला ग्रीक वृत्तांची गोडी लावली. १९३१ मध्ये तो पॅरिसच्या ‘ला त्रिनिते’ चर्चचा ऑर्गनवादक झाला आणि २७ एप्रिल १९९२ ला मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिला. जगभर नाव झालं, बूलेझ, स्टॉकहाउझन, झेनाकिस यांच्यासारखे विद्यार्थी हाताखालून गेले, तरी हा गृहस्थ रविवारी प्रार्थनेला ऑर्गनवर हजर. आपल्याकडे एखादा बुवा हयातभर एकाच देवळात कीर्तनाची सेवा करतो, तशातली ही निष्ठा. श्रद्धाळू कॅथलिक होता आणि ते लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. देवगिरीची वही पॅरिसला पोचली कशी?

त्या हिशेबनिसाचं नाव शार्ङ्गदेव. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले. वडील सोढल यादव राजांच्या चाकरीत होते. शार्ङ्गदेव स्वतः सिंघणाच्या काळात, म्हणजे तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, श्रीकरणाचा प्रमुख होता. राज्याचा जमाखर्च पाहणारा अधिकारी! या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. स्वर, राग, प्रकीर्ण, प्रबंध, ताल, वाद्य, नृत्य असे सात अध्याय. त्यांतल्या पाचव्या, तालाध्यायात त्याने १२० देशी तालांची यादी दिली. यादी वाचताना मला हा माणूस खात्यातल्या नोंदी लावताना दिसतो. द्रुत म्हणजे अर्धा, लघु एक, गुरू दोन, प्लुत तीन. आणि विराम जोडला की त्या अक्षराची किंमत निम्म्याने वाढते. प्रत्येक तालापुढे ही खूणचिठ्ठी. कोणी कितीही नाकं मुरडोत, संगीतशास्त्राला असा एक हिशेबी डोक्याचा माणूस लाभला हे आपलं भाग्य.

आमच्या भागाचा आणि देवगिरीचा संबंध नुसता ओढूनताणून आणलेला नाही. सिंघणानंतर दोन पिढ्यांच्या आतच महादेव यादवाने उत्तर कोकणच्या शेवटच्या शिलाहार राजाचा, सोमेश्वराचा, समुद्रावरच्या लढाईत पाडाव केला आणि हा मुलूख देवगिरीच्या अमलाखाली आला. घाटमाथ्याहून कोकणात उतरायच्या जुन्या वाटांपैकी नाणेघाटाची वाट मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्यापाशी संपते. सातवाहनांपासून तिथे माल उतरत आला, त्याबरोबर गाणंबजावणंही उतरलं असणारच.

पण पॅरिसला जाणारी वाट पुण्यातून गेली. महादेव चिमणाजी आपटे या वकिलाने १८८८ मध्ये आनंदाश्रम स्थापन केला. आप्पा बळवंत चौकाजवळची ती वास्तू आजही आहे. आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावलीत १८९६-९७ मध्ये ‘संगीतरत्नाकर’ कल्लिनाथाच्या टीकेसह दोन भागांत छापून निघाला. संपादक मंगेश रामकृष्ण तेलंग. याच तेलंगांनी पुढे बडोद्याच्या गायकवाड मालेसाठी नारदाचा ‘संगीतमकरंद’ संपादित केला. आज संगीताच्या वर्तुळातही त्यांचं नाव क्वचितच निघतं, आणि हे मला खुपतं. भातखंड्यांवर, पलुसकरांवर ग्रंथ निघाले. ज्याने पोथी छापून सगळ्यांच्या हाती दिली, त्या तेलंगांच्या वाट्याला तळटीप आली.

दुसरा विसरलेला माणूस फ्रान्समधला. लिओंच्या झोआनी ग्रोसेने १८९८ मध्ये भरताच्या नाट्यशास्त्राची चिकित्सक आवृत्ती काढली होती. लाव्हिन्याकने आरंभलेल्या भल्याथोरल्या संगीतकोशासाठी त्याने भारतावर शंभरावर पानांचा लेख लिहिला. तो १९१३ मध्ये छापला गेला. त्यात शार्ङ्गदेवाची १२० तालांची यादी पाश्चात्त्य स्वरलिपीच्या चिन्हांसह आहे. पुण्याची छापील प्रत निघाली नसती तर ग्रोसेला ही यादी इतक्या सुखासुखी मिळाली नसती, असं माझं मत आहे. विद्यार्थिदशेत मेसियाँने हा कोश उघडला आणि त्याला खजिनाच सापडला. त्याला गुरू नव्हता, पखवाज त्याने मांडीवर घेतला नव्हता. त्याच्यापुढे होती फक्त यादी.

या यादीतून त्याने काय उचललं ते पाहण्यासारखं आहे. रागवर्धन घ्या: द्रुत, विरामासह द्रुत, द्रुत, प्लुत. पाव मात्रेच्या मापाने मोजलं तर २, ३, २, १२. पहिले तीन आकडे उलटसुलट कसेही वाचा, तेच. १९४४ च्या आपल्या ‘माझ्या संगीतभाषेचं तंत्र’ या पुस्तकात मेसियाँ याच तालापासून सुरुवात करतो. तो ताल उलटा करतो, लांबलचक प्लुताचे तीन समान तुकडे पाडतो आणि दाखवतो की आता दोन्ही अर्ध दोन्हीकडून सारखेच वाचले जातात. मागेपुढे सारख्या असणाऱ्या अशा लयी त्याला आयुष्यभर पुरल्या. काळ पुढे सरकतच नाही असा भास त्यांतून होतो, आणि अनंताचं वेड असलेल्या त्या भाविकाला तेच हवं होतं. दुसरी चीज विराम. लयीत अचानक अर्ध्या किमतीची भर घालून ठेक्याला लंगडं करायचं, हे ‘वाढीव मूल्य’ त्याच्या १९३५ च्या ‘प्रभुजन्म’ या ऑर्गनसंचापासून सर्वत्र भेटतं.

छावणीतल्या चतुष्टयात पियानोच्या लयीत १७ मूल्यं आहेत, तर स्वरसंघ २९. दोन्ही मूळ संख्या. त्यामुळे दोन्ही आवर्तनं पुन्हा एकत्र यायला १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ स्वरसंघ लागतील. तेवढं वाजायच्या कितीतरी आधी तो भाग संपतो. श्रीकरणाच्या अधिकाऱ्याला आवडला असता असा हिशेब! आपल्या कानाला मात्र इथे ठेच लागते. आवर्तन आहे, पण समेवर येणं नाही. भजनी ठेक्यावर वाढलेल्या माणसाला ही अर्धी गोष्ट वाटेल. मलाही वाटते.

त्या कार्यक्रमाच्या आख्यायिकेलाही थोडी कात्री लावायला हवी. पाच हजार श्रोते होते आणि चेलोला तीनच तारा होत्या, असं मेसियाँ पुढे सांगत असे. चेलोवादक एतिएन पास्किए मात्र चारही तारा होत्या असं ठामपणे म्हणत राहिला, आणि त्या बराकीत चारेकशेच माणसं मावत होती. कागद मिळवून देणारा जर्मन पहारेकरी कार्ल-आल्बेर्ट ब्र्यूल या कथेत जास्त ठळक असायला हवा होता.

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये पॅरिसच्या वृत्तपत्रांत मेसियाँवरून रण माजलं. ‘फिगारो’त क्लॅरेंडन या टोपणनावाने लिहिणारा बर्नार गाव्होती, जो स्वतःही चर्चचा ऑर्गनवादक, त्याने मेसियाँच्या संगीतापेक्षा त्याच्या भरमसाट भाष्यांवर तोंडसुख घेतलं. खरं सांगायचं तर गाव्होतीचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. मेसियाँ आपल्या रचनेवर इतकं बोलतो की कधीकधी संगीताला बोलायला जागा उरत नाही.

पण तो हटला नाही. १९४६ ते ४८ मध्ये त्याने दहा भागांची ‘तुरंगलीला’ सिंफनी लिहिली. नाव शार्ङ्गदेवाच्या यादीतल्या ३३ व्या तालाचं. २ डिसेंबर १९४९ रोजी लेनर्ड बर्नस्टाइनच्या हाताखाली ती बॉस्टनमध्ये प्रथम वाजली. १९५१ च्या ‘ऑर्गनग्रंथा’च्या पहिल्याच तुकड्यात प्रतापशेखर, गजझंप आणि सारस हे तीन ताल नाटकातल्या पात्रांसारखे वावरतात: एक फुगतो, एक आक्रसतो, तिसरा जागचा हलत नाही.

मेसियाँच्या संगीतातल्या पक्ष्यांचा विषय मोठा आहे, एवढंच सांगतो. १९५६ मध्ये प्रथम वाजलेल्या त्याच्या ‘परदेशी पक्षी’ या रचनेत शामा आणि सोनेरी कपाळाचा हरेवा आहेत. सह्याद्रीची जंगलं फिरणाऱ्यांना ही नावं ओळखीची वाटतील. शामा तर ठाणे जिल्ह्याच्या रानातही गातो.

मेसियाँला आपला ताल कळला का, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उपटतो. माझं मत स्पष्ट आहे. टाळी, खाली, प्रबंधाशी तालाचं नातं हे सगळं त्याच्या हातून सुटलं. लयीचं गणित मात्र त्याने इतकं मनापासून वाचलं की मृत्यूनंतर निघालेल्या त्याच्या सात खंडांच्या महाग्रंथात पहिल्याच खंडात त्या १२० तालांची चर्चा येते. शार्ङ्गदेवाचं नाव त्याने जन्मभर घेतलं. आपण ते परीक्षेपुरतं घेतो.

ग. ह. तारळेकरांनी ‘संगीतरत्नाकरा’च्या मराठी भाषांतराला हात घातला होता, राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ते छापलं. ते शोधून वाचावं. आणि मुरबाड-शहापुरातल्या पखवाजी मंडळींना एक विनंती: एखाद्या एकादशीला, भजन संपल्यावर, रागवर्धन वाजवून पाहा. दोन, तीन, दोन, बारा. पाव मात्रेच्या मापाने एकूण एकोणीस. बोल तुमचे तुम्ही बसवा; शार्ङ्गदेवाने फक्त माप दिलं आहे.