धावपट्टीचा उंबरठा

विमानतळ वाढवायचा म्हणजे काय करायचं? मुलांना विचारलंत तर उत्तर येईल, 'मोठी इमारत बांधायची, लांब धावपट्टी करायची.' इमारतीचं राहू द्या, धावपट्टीचं बघू.

दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर २००८ साली तिसरी धावपट्टी सुरू झाली. लांबी ४,४३० मीटर. एवढी कशाला? एक कारण दिल्लीचा उन्हाळा. तापलेली हवा विरळ होते. १५ अंश सेल्सिअसच्या मानाने ४५ अंशांना हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरते. पंखांना तेवढाच उचल मिळवायला विमानाला जास्त वेगाने, म्हणून जास्त अंतर धावावं लागतं. शिवाय भरलेली अवजड विमानं.

ही धावपट्टी सुरू झाली तेव्हा तिच्या पूर्वेकडच्या टोकाचा क्रमांक होता २९. म्हणजे तिथून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाची दिशा होकायंत्रावर सुमारे २९० अंश. पश्चिमेच्या टोकाचा क्रमांक होता ११. (दोन्हींत १८ चाच फरक का, हे मुलांना शोधू द्या.)

आता गंमत पुढे आहे. पूर्वेच्या टोकापलीकडे, महामार्गालगत, शंकराची एक उंच मूर्ती उभी आहे. विमान उतरताना जमिनीशी साधारण ३ अंशांचा कोन करून येतं. हा कोन किती लहान असतो ते मैदानावर करून पाहा: २० मीटर दोरीचं एक टोक जमिनीला टेकवा, दुसरं सुमारे १ मीटर ५ सेंटिमीटर उंच धरा. झाले तीन अंश! अशा बेताने येणाऱ्या विमानाच्या वाटेत मूर्ती अडथळा ठरत होती. मग धावपट्टी वापरात आली तेव्हा पूर्वेकडून उतरणाऱ्या विमानांसाठीचा 'थ्रेशोल्ड', म्हणजे उंबरठा, १,४६० मीटर आत घेतला गेला. त्यामुळे मूर्तीवरून जाताना विमान किती वर गेलं? १,४६० ला ३ अंशांच्या टॅनने, म्हणजे ०.०५२ ने, गुणा. सुमारे ७६ मीटर.

उतरायला मग उरले २,९७० मीटर. बाकीचा भाग वाया गेला का? नाही. पश्चिमेकडे उड्डाण करणारं विमान अगदी टोकापासून धावू शकतं, कारण मूर्ती तेव्हा त्याच्या पाठीमागे असते. अशा उंबरठ्याआधीच्या भागावर पांढरे बाण रंगवलेले असतात: इथून धावा, पण इथे टेकू नका. एकाच डांबराची लांबी चढणाऱ्याला वेगळी, उतरणाऱ्याला वेगळी!

या ७६ मीटरांशी पूर्वेकडच्या वसंत कुंज वसाहतीचाही संबंध येतो. नवी धावपट्टी सुरू झाल्यावर तिथल्या रहिवाशांनी विमानांच्या आवाजाच्या तक्रारी केल्या होत्या. उंबरठा पुन्हा टोकाकडे सरकवला, तर उतरायला जागा वाढेल. पण विमानं गच्च्यांवरून तेवढीच खालून जातील. १,००० मीटर सरकवला तर किती खालून, हा हिशेब वर्गात नक्की घालण्याजोगा आहे.