जुन्या स्कूटरचे नवे सुटे भाग

बजाज ऑटोच्या आकुर्डी येथील कारखान्यातून ‘चेतक’ स्कूटर १९७२ साली बाहेर पडली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिलेले. पैसे भरून नोंदणी करायची आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा तो काळ होता. पेट्रोलवर चालणाऱ्या त्या चेतकचे उत्पादन या शतकाच्या पहिल्या दशकात थांबले. २०२० पासून त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर मिळते, पण तिचे आणि जुनीचे नाते नावापुरतेच आहे.

पिंपळगाव बसवंतच्या आसपास द्राक्षबागांच्या शेडमध्ये, फवारणीच्या पंपाशेजारी धूळ खात उभी असलेली जुनी चेतक अजूनही दिसते. अलीकडे नातवंडांना ती पुन्हा चालू करण्याची हौस आली आहे. आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्यानेही आजोबांची स्कूटर बाहेर काढली. सी. बी. पॉइंट, कंडेन्सर, ऑइल सील, ब्रेक शू असे सगळे नवे घातले. गाडी एका किकमध्ये सुरू झाली, ओझरपर्यंत छान गेली आणि तिथे बंद पडली. अर्ध्या तासाने पुन्हा एका किकमध्ये सुरू! दुसरा कंडेन्सर घातला, तिसरा घातला, पण रडगाणे तेच. “कंपनीचा मिळत नाही आणि बाहेरचा टिकत नाही. दिसायला मात्र दोन्ही सारखेच!” असे तो वैतागून म्हणाला.

त्याचे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. आकार हुबेहूब सारखा असूनही दोन वस्तू वेगळ्या का वागतात? कंडेन्सरपासूनच सुरुवात करू.

चेतकच्या दोन-धावी इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी पडावी लागते. मिनिटाला ३,००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० ठिणग्या आणि तासाला १,८०,०००. दर ठिणगीच्या वेळी पॉइंटची दोन टोके एकमेकांपासून जेमतेम ०.४ मिलिमीटर दूर होतात आणि वेटोळ्यातला प्रवाह तुटतो. पण प्रवाह सहजासहजी तुटत नाही. चालत्या गाडीतून उतरताना आपण पुढे ओढले जातो, तसा स्वयंप्रवर्तनामुळे प्रवाह पुढे वाहू पाहतो आणि पॉइंटच्या फटीतूनच ठिणगी मारून जातो. मग प्लगला जायची ऊर्जा तिथेच खर्च होते आणि पॉइंट काळे पडतात. हे टाळण्यासाठी पॉइंटला समांतर एक धारित्र, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेतला कंडेन्सर, जोडलेले असते. तुटणारा प्रवाह क्षणभर त्यात शिरतो आणि तेवढ्यात पॉइंटची फट पुरेशी रुंद होते.

थोडा हिशेब करू. गणित सोपे व्हावे म्हणून प्लगकडचे दुय्यम वेटोळे बाजूला ठेवू. समजा, वेटोळ्याचे स्वयंप्रवर्तन ५ मिलिहेन्री आणि प्रवाह ३ अँपिअर आहे. चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाला स्वयंप्रवर्तनाने गुणून निम्मे केले की मिळते. ती येते ०.०२२५ जूल. ही सगळी ऊर्जा ०.२५ मायक्रोफॅरडच्या धारित्रात गेली, तर त्याच्या टोकांमधील विद्युतदाब सुमारे ४२० व्होल्ट होतो. धारिता चौथाईवर आली तर दाब दुप्पट, म्हणजे ८४० व्होल्ट होईल आणि तोही अर्ध्याच वेळात. पॉइंट नीट उघडलेले नसतानाच एवढा दाब आल्यावर त्यांच्यात ठिणगी पडणारच.

आता हा कंडेन्सर उघडून पाहा. ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाच्या दोन पट्ट्या, मध्ये कागद किंवा प्लॅस्टिकची चकती नव्हे, तर पातळ फीत, आणि हे सारे गुंडाळून डबीत बंद केलेले. डबीचा व्यास, तारेची लांबी, स्क्रूचे भोक यांची नक्कल कॅलिपर घेऊन कोणीही करू शकेल. आतली फीत किती कोरडी होती, गुंडाळताना हवा अडकली का, डबीचे तोंड दमट हवा आत जाणार नाही असे बंद केले का, हे कॅलिपरला कसे कळणार? इंजिनाच्या लगत बसलेला कंडेन्सर चांगलाच तापतो. हलक्या फितीचा रोधक गुण उष्णतेने घटतो आणि विद्युतभार आतल्या आत झिरपू लागतो. गार झाला की पुन्हा साळसूद! ओझरला स्कूटर का थांबली आणि अर्ध्या तासाने का चालू झाली, ते यातून कळते. दुकानदाराने तो काउंटरवर तपासून दिला असेल, पण तो गारच तपासला.

शाळेच्या प्रयोगशाळेत याची परीक्षा घेता येते. बहुतेक डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध १० मेगओहम असतो. कंडेन्सर ९ व्होल्टच्या बॅटरीने भारित करा, बॅटरी काढा आणि मीटर जोडा. धारिता ०.२५ मायक्रोफॅरड असेल तर २.५ सेकंदांत दाब सुमारे ३.३ व्होल्टपर्यंत उतरतो. मग कंडेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पंधरा मिनिटे गरम पाण्यात ठेवा आणि बाहेर काढून लगेच तोच प्रयोग करा. दाब आता फारच भराभर उतरला तर तो कंडेन्सर परत करायच्या लायकीचा. (९ व्होल्टला उत्तीर्ण झालेला ४०० व्होल्टलाही टिकेलच, असे मात्र नाही.)

पॉइंटचेही असेच आहे. त्याची फायबरची टाच फिरत्या कॅमवर घासत असते. फायबर हलके असले तर टाच लवकर झिजते, फट कमी होते आणि पॉइंट उशिरा उघडून ठिणगीही उशिरा पडते. गाडी ओढत नाही, म्हणून लोक कार्बुरेटर खोलतात. बिचाऱ्याचा काही दोष नसतो.

पिस्टनचे उदाहरण मला सर्वांत आवडते, कारण त्यात तुमच्या पुस्तकातला प्रसरणाचा नियमच पुरतो. चेतकच्या सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर. सिलिंडर बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. समजा पिस्टनचे तापमान १५० अंशांनी वाढले. मिश्रधातूत सिलिकॉन पुरेसे असेल तर त्याचा प्रसरणांक अंशाला सुमारे ०.००००२० असतो आणि व्यास ०.१७ मिलिमीटरने वाढतो. सिलिकॉन वाचवून जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियम ओतले, तर प्रसरणांक ०.००००२३ होतो आणि वाढ ०.२० मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट. पण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात मुळात जागाच मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची ठेवलेली असते. दुकानात मायक्रोमीटर लावला तर दोन्ही पिस्टन अगदी एकसारखे भरतील. चढावर इंजिन तापले की एक चालेल आणि एक जाम होईल.

ऑइल सीलमध्ये प्रश्न रबराचा आहे. दोन-धावी इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या पेटीत ओढले जाते. तिथे सील गळले तर जास्तीची हवा आत येते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन अतोनात तापते. नैसर्गिक रबर पेट्रोल व तेल शोषून फुगते, नायट्राइल रबर पुष्कळ कमी फुगते. दोन्ही काळीच असतात, हीच अडचण. एक साधे रबर बँड मोजून रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा (शिक्षकांच्या देखरेखीखाली, आणि पेट्रोल मुळीच वापरू नका). सकाळी त्याची लांबी-रुंदी पाहून चकित व्हाल. त्यात भर म्हणजे २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. १९८० च्या सुमारास रबर निवडणाऱ्या अभियंत्यापुढे हा प्रश्नच नव्हता. त्यामुळे जपून ठेवलेला जुना ‘ओरिजिनल’ सील बसवणे हाही काही रामबाण उपाय नाही.

बाहेरचा प्रत्येक भाग वाईट, असे समजणेही चूक ठरेल. वाहन कंपन्या अनेक भाग स्वतः बनवत नाहीत, पुरवठादारांकडून घेतात. पण कंपनी त्या भागाचा आराखडा देते, धातू कोणता आणि तो किती तापवून कसा थंड करायचा हे सांगते, आणि आलेल्या मालातले नमुने तपासून नापास माल परत पाठवते. उत्पादन थांबले की परत पाठवणारा हा तपासनीस नाहीसा होतो. उरलेल्या थोड्या गिऱ्हाइकांसाठी कोणी जुना भाग समोर ठेवून नक्कल करतो. तोही झिजलेलाच असतो आणि झिजेचीही इमानदारीने नक्कल होते! म्हणून काढलेला जुना भाग भंगारात टाकू नका. नव्याशेजारी ठेवून दोन्हींचे वजन करा, लोहचुंबक लावा, कानशीने कोपऱ्यात हलकेच घासून कोणता मऊ आहे ते पाहा.

बाकी भाग फसले तर गाडी ढकलावी लागते. ब्रेकचे तसे नाही. सप्तशृंग गडावरून नांदुरीकडे उतरणारी स्कूटर डोळ्यांपुढे आणा. दोन माणसांसह वजन २३० किलोग्रॅम आणि उतार समजा ३०० मीटर उंचीचा. स्थितिज ऊर्जा होते सुमारे ६ लाख ८० हजार जूल. दोन लिटर पाणी २० अंशांपासून उकळायला जवळजवळ एवढीच उष्णता लागते. तिचा मोठा भाग ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतो. ब्रेक लायनरमधले तंतू आणि भुकटी रेझिनने बांधलेली असतात. हलके रेझिन तापले की त्याचे विघटन होऊन वायू सुटतो आणि लायनर व ड्रम यांच्यामधला घर्षणांक घसरतो. गावातल्या गल्लीत कचकन थांबणारी गाडी घाटात तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबूनही पुढेच जाते. म्हणून नव्या शूची परीक्षा मोकळ्या सपाट रस्त्यावर, मोठ्या माणसाने, सावकाश वेगात पण लागोपाठ दहा-बारा वेळा थांबून घ्यावी. शेवटचे थांबणे पहिल्याइतक्याच अंतरात झाले पाहिजे. अंतर वाढत गेले तर ते शू घेऊन घाटात जाऊ नये. आणि जुना ड्रम उघडताना आतली धूळ तोंडाने फुंकून उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.