कुष्ठमुक्तांच्या शरीरातील आत्मप्रतिकार : काही शब्द व त्यांचे अर्थ

'रोगी बरा झाला' हे वाक्य मराठीत दोन निरनिराळ्या अर्थांनी योजले जाते. रोगाचे कारण नाहीसे झाले, हा एक अर्थ. रोगाचा त्रास थांबला, हा दुसरा. बहुतेक साध्या विकारांत हे दोन्ही अर्थ एकाच सुमारास खरे ठरतात, आणि म्हणूनच त्यांतील भेद सहसा ध्यानात येत नाही. कुष्ठरोगात मात्र त्यांच्यात कित्येक महिन्यांचे, प्रसंगी वर्षांचे अंतर पडू शकते. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. भाषाविज्ञान हा त्याचा विषय. परिभाषेच्या एका कामानिमित्त हे वाङ्मय चाळावे लागले, तेव्हा असे आढळले की येथील काही गैरसमजांचे मूळ थेट शब्दांत आहे, आणि त्या गैरसमजांची किंमत रुग्णाच्या हातापायांना मोजावी लागते.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील बर्गेन येथे गेऱ्हार्ड आर्मावर हान्सेन यांनी १८७३ साली प्रथम पाहिला. हा जंतू अत्यंत मंदगतीने वाढतो. त्याचे एकदा द्विभाजन होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्याचे आवडते वसतिस्थान म्हणजे मज्जातंतूंभोवती आवरण घालणाऱ्या श्वान पेशी. (हे नाव थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञावरून पडले आहे, संस्कृतातील श्वानाशी त्याचा काही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगावे लागते असे जीवशास्त्राचे अध्यापक म्हणतात.) जंतू एकच असला तरी रोगाचे रूप मात्र रोग्याच्या प्रतिकारशक्तीवर अवलंबून असते. रिडली व जॉपलिंग यांनी १९६६ साली मांडलेल्या वर्गीकरणात एका टोकाला प्रबळ पेशीय प्रतिकार व मोजके जंतू, तर दुसऱ्या टोकाला पेशीय प्रतिकाराचा जवळजवळ अभाव व जंतूंची अपार संख्या असते. बहुसंख्य रुग्ण या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतात, आणि मधली ही जागा स्थिर नसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफॅझिमिन ही त्यातील औषधे. रिफॅम्पिसिनच्या पहिल्या काही मात्रांतच जंतूंची फार मोठी संख्या निर्जीव होते. ठरलेला उपचार पुरा झाला की रुग्णाची नोंद 'उपचारमुक्त' अशी केली जाते. हा शब्द मोठा प्रामाणिक आहे. तो रुग्णाला रोगमुक्त म्हणत नाही, फक्त उपचारातून मोकळा झाला एवढेच सांगतो. परंतु दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्याचा 'बरा झाला' असा अनुवाद होऊन जातो, आणि ऐकणारा त्याचे दोन्ही अर्थ घरी घेऊन जातो.

शरीरात प्रत्यक्षात काय घडत असते? जंतू मेले तरी त्यांची कलेवरे लगेच नाहीशी होत नाहीत. त्यांच्या भिंतीतील स्निग्ध द्रव्ये पचविणे भक्षकपेशींना कठीण जाते. ज्याच्या अंगात जंतू विपुल होते त्याच्या त्वचेत व मज्जातंतूंत त्यांचे अवशेष कित्येक वर्षे सापडतात. प्रतिकारयंत्रणा जिवंत व मृत असा भेद करीत नाही. ती रासायनिक आकार ओळखते, आणि तो आकार तर जागेवरच असतो.

मधल्या अवस्थेतील रुग्णांचा पेशीय प्रतिकार एकाएकी उफाळून आला म्हणजे पहिल्या प्रकारची 'प्रतिक्रिया' उद्भवते. जुने चट्टे लाल होतात, सुजतात. मज्जातंतू दुखू लागतात. हाताची पकड सैल पडते, पाऊल लोंबते, पापणी पुरती मिटत नाही. बहुधा हे उपचार चालू असताना घडते, परंतु उपचार संपल्यानंतरही घडते. कधी कधी तर वेदना मुळीच न होता मज्जातंतूचे कार्य हळूहळू मंदावते. मज्जातंतूच्या टणक आवरणाच्या आत सूज आली की तिला पसरण्यास जागा नसते, आणि दाबाखाली सापडतात ते रोग्याचे स्वतःचेच तंतू. स्टेरॉइड वर्गातील औषध वेळेवर मिळाल्यास गेलेली शक्ती पुष्कळदा परत येते. नुकसान सहा महिन्यांहून जुने झाले असल्यास मात्र आशा फार कमी उरते.

हाच या विषयाचा गाभा आहे. 'मी तर बरा झालो' असे मानणारा रुग्ण पाऊल लोंबू लागले तरी दवाखान्यात येत नाही. आला तरी, रोग 'उलटला' असा त्याचा स्वतःचा, घरच्यांचा आणि क्वचित् वैद्याचाही समज होतो. पण पुनरुद्भव आणि प्रतिक्रिया या भिन्न गोष्टी होत. पुनरुद्भवात जिवंत जंतू पुन्हा वाढतात. तो सावकाश, बहुधा काही वर्षांनी, नवे चट्टे घेऊन येतो, आणि आजच्या उपचारानंतर तो विरळाच आहे. प्रतिक्रिया अकस्मात् येते आणि जुन्याच जागा पेटवते. प्रतिक्रियेला पुनरुद्भव समजून केवळ जंतुनाशके पुन्हा सुरू केली तर मज्जातंतू वाचविण्याची वेळ निघून जाते. उलट पुनरुद्भवाला प्रतिक्रिया समजून केवळ स्टेरॉइड दिले तर जंतूंना मोकळे रान मिळते.

दुसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया जंतुबहुल रुग्णांत होते. वेदनायुक्त गाठी, ताप, सांध्यांची सूज, डोळे, वृषण व मूत्रपिंड यांचा दाह अशी तिची लक्षणे असून ती पुनःपुन्हा, वर्षानुवर्षे येऊ शकते. जंतूंचे प्रतिजन व त्यांविरुद्धची प्रतिपिंडे यांची संयुगे ऊतींत साचून हा दाह होतो, असा विचार १९६९ साली मांडला गेला; पुढे पेशींचाही त्यात वाटा असल्याचे दिसून आले. थॅलिडोमाइड या दुर्लौकिक पावलेल्या औषधाचा या प्रतिक्रियेवर गुण येतो, ही गोष्ट जेरुसलेममधील जेकब शेस्किन यांच्या ध्यानात १९६४ साली आली. गर्भाला ते अत्यंत घातक असल्याने त्याचा वापर आजही कडक निर्बंधांखालीच होतो.

या दोन्ही प्रतिक्रियांना 'आत्मप्रतिकार' म्हणावे काय? इंग्रजीतील 'ऑटोइम्यून' या शब्दासाठी येथे ही संज्ञा योजली आहे. काटेकोरपणे पाहता, म्हणू नये. येथे हल्ल्याचे लक्ष्य परके आहे, नाश मात्र स्वतःचा होतो. चोर पळून गेल्यावर त्याच्या बोचक्यावर काठ्या चालवाव्यात आणि घरातली भांडी फुटावीत, तसा हा प्रकार.

तथापि खऱ्या आत्मप्रतिकाराच्या खुणाही या रोगात आढळतात. जंतुबहुल रुग्णांच्या रक्तात पेशीकेंद्राविरुद्धची, संधिवातात सापडतात त्या जातीची आणि कार्डिओलिपिन या स्निग्ध द्रव्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. यांपैकी बरीचशी निरुपद्रवी असतात, परंतु ती तपासणीत गोंधळ माजवतात. प्रतिक्रियेमुळे सांधे सुजलेल्या माणसाला केवळ रक्ताच्या निर्णयावरून संधिवाताचा रुग्ण ठरविले जाऊ शकते. याहून वाईट प्रकार उपदंशाच्या परीक्षेचा. १९०६ सालच्या वासरमान परीक्षेपासून चालत आलेल्या या जातीच्या तपासण्या वस्तुतः कार्डिओलिपिनविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात. त्यामुळे ज्याला उपदंश कधी झालाच नाही अशा कुष्ठरुग्णाचे रक्तही 'होय' म्हणते. एका कलंकाखाली दबलेल्या माणसावर दुसरा कलंक लादण्याचे हे काम एका रासायनिक योगायोगाने केले.

स्वतःवर शस्त्र धरण्याचे एक कारण सादृश्य हे सांगतात. भाषेच्या अभ्यासकाला ते परके वाटू नये. 'कर' हा उच्चार ऐकून हात समजावा की सारा, हे संदर्भावाचून ठरत नाही. प्रतिकारपेशी प्रथिनाचा लहानसा तुकडा 'वाचतात', आणि तेवढा तुकडा दोन ठिकाणी सारखा असला तर त्यांची फसगत होते. कुष्ठजंतूच्या एका उष्णताघात-प्रथिनाची रचना मानवाच्या तत्सम प्रथिनाशी जवळजवळ निम्मी जुळते. मज्जावरणातील एका मूलभूत प्रथिनाशी जंतूच्या दोन प्रथिनांचे साम्य असल्याचे भारतीय संशोधकांनी २०१५ साली दाखविले. मज्जातंतूंच्या नाशात अशा सादृश्याचा वाटा किती, हे मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही, आणि सादृश्य दिसले की कार्यकारणभाव सिद्ध झाला असे मानण्याची घाई आमच्या शास्त्रातील हौशी व्युत्पत्तिकारांइतकीच तेथेही धोक्याची आहे.

व्युत्पत्तीचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट. संस्कृत 'कुष्ठ' शब्दापासून प्राकृतातून हिंदीत 'कोढ' आला, आणि तो कुष्ठरोगाचा वाचक राहिला. मराठीत त्याच कुळातील 'कोड' अंगावरील पांढऱ्या डागांना लागला. हे डाग मुळीच सांसर्गिक नाहीत. रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशींवर शरीराचीच प्रतिकारयंत्रणा तुटून पडते, म्हणून ते उमटतात. म्हणजे खऱ्याखुऱ्या आत्मप्रतिकाराच्या एका विकाराला आमच्या पूर्वजांनी कुष्ठाचेच नाव दिले, आणि कोड असलेल्या मुलींच्या लग्नात ते नाव अजून आड येते.

शेवटी उपयोगाचा एक मुद्दा. उपचारमुक्त रुग्णाला पुढील धोक्याची सूचना द्यावयाची, ती कोणत्या शब्दांत? 'प्रतिक्रिया' या शब्दाने त्याला बोध होत नाही. तो शब्द त्याने सभेच्या वृत्तान्तात ऐकलेला असतो. 'मज्जातंतूंची दुर्बलता' हेही तसेच. रुग्ण सांगतात ते असे : हाताला मुंग्या येतात, सदऱ्याची गुंडी लागत नाही, भाकरी तव्यावर उलटताना चटका कळत नाही, चालताना चप्पल पायातून केव्हा निसटली ते समजत नाही. यांतील प्रत्येक वाक्य एकेका मज्जातंतूची अवस्था सांगते. उपचार संपतेवेळी हातात पडणाऱ्या कागदावर हीच वाक्ये त्या त्या जिल्ह्याच्या बोलीत छापावीत, आणि त्यांखाली लिहावे की यांपैकी काहीही घडले तर त्याच आठवड्यात यावे. गोळ्या संपल्या असल्या तरी यावे.