मोटारसायकलच्या ट्रॅकवर ड्रोनचे चित्रीकरण : काम घेण्यापूर्वी

लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात आपल्या समाजातील बरेच तरुण आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी अलीकडे ड्रोन कॅमेराही घेतला आहे. मुहर्रम आणि रमजानच्या दिवसांत आपल्याकडील लग्ने जवळजवळ थांबतात आणि भांडवल घालून घेतलेले यंत्र पेटीत पडून राहते. अशा रिकाम्या दिवसांसाठी एक नवे काम पुढे आले आहे. मुंबई-पुण्याचे हौशी स्वार आपल्या मोठ्या मोटारसायकली घेऊन कोइमतूरच्या करी ट्रॅकवर, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर जातात. गाडी सांभाळायला त्यांना मेस्त्री लागतो, तसा शूटिंगवालाही लागतो.

परंतु लग्नात ड्रोन उडवला म्हणून ट्रॅकवरही उडवता येईल, असे समजणाऱ्यांनी आधी एक साधा हिशेब करावा. तीस मीटर उंचीवर ड्रोन बंद पडला, तर तो सुमारे अडीच सेकंदांत जमिनीवर येतो आणि येताना त्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास असतो. सरळ पट्ट्यावर ताशी १८० किलोमीटरने धावणारी मोटारसायकल त्याच अडीच सेकंदांत सव्वाशे मीटर पुढे जाते. म्हणजे ड्रोन पडायला लागला तेव्हा जो स्वार लांब दिसत होता, तोच नेमका त्याच्याखाली येऊ शकतो. त्याने वर पाहावे, ब्रेक दाबावा, एवढी उसंत त्याला नसते. ड्रोन अंगावर पडलाच पाहिजे असेही नाही. ट्रॅकवर पडलेली बॅटरी चाकाखाली आली, तरी वळणावर कललेली गाडी घसरते.

हे केवळ कागदावरचे भय नव्हे. २२ डिसेंबर २०१५ रोजी इटलीतील मॅडोना दि कॅम्पिलिओ येथे बर्फावरील स्कीइंगची शर्यत चालू असताना चित्रीकरणाचा ड्रोन ऑस्ट्रियाचा खेळाडू मार्सेल हिर्शर याच्या अगदी पाठीमागे कोसळला. थोडक्यात तो बचावला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने आपल्या शर्यतींत ड्रोनला मनाई केली.

म्हणून आमचे पहिले आणि ठाम सांगणे असे की, ड्रोन ट्रॅकवर न्यायचाच नाही. ट्रॅकच्या बाजूला, कठड्याबाहेर, रिकाम्या जमिनीवरच तो राहिला पाहिजे. जितकी उंची, निदान तितके अंतर ट्रॅकपासून ठेवावे. ड्रोन पुढे सरकत असेल किंवा वारा ट्रॅकच्या दिशेने असेल, तर त्याहून अधिक, कारण बंद पडलेला ड्रोन सरळ खाली न येता तिरका येतो.

येथे एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. सिग्नल तुटला किंवा बॅटरी उतरली, की बहुतेक ड्रोन आपण होऊन जेथून उडाले तेथे सरळ रेषेत परत येतात. आता आपण ट्रॅकच्या एका बाजूने ड्रोन उडवला आणि पलीकडे जाऊन चित्रीकरण करत असलो, तर ही सरळ रेषा ट्रॅकवरूनच जाणार! सिग्नल तुटला असेल, तर आपला हात कंट्रोलरवर असूनही त्या वेळी काही चालत नाही. तेव्हा उडवण्याची जागा आणि चित्रीकरणाची जागा ट्रॅकच्या एकाच बाजूला हवी. गाडीचा आपोआप पाठलाग करण्याची सोयही बंद ठेवावी. ती गाडीकडे पाहते, आपण आखलेली हद्द तिला कळत नाही. ‘स्पोर्ट’ मोडमध्ये तर अनेक ड्रोनची अडथळा ओळखण्याची यंत्रणाच बंद होते.

पाठलागाशिवाय चित्र चांगले येत नाही, ही समजूत चुकीची आहे. सावकाश वळण निवडावे, ड्रोन एका जागी स्थिर ठेवावा आणि गाडीला चौकटीत येऊ द्यावे. गुडघा जमिनीला टेकवून वळणारा स्वार तेथेच दिसतो. आपण स्वतः वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभे राहू नये, कारण घसरलेली गाडी त्याच दिशेला जाते. मार्शल दाखवील तीच आपली जागा.

एकट्याने हे काम घेऊ नये. आपली नजर पडद्यावर असते, म्हणून ड्रोनवर उघड्या डोळ्यांनी लक्ष ठेवणारा दुसरा माणूस हवाच. लाल झेंडा दिसताच ड्रोन खाली आणावा. पडलेल्या स्वाराचे चित्रण करत वर थांबणे आम्हाला माणुसकीला धरून वाटत नाही, आणि रुग्णवाहिकेच्या वाटेत तर आपण येताच कामा नये. बॅटरी तीस टक्क्यांवर आली की उतरावे.

आता कायदा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड, दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी प्रमाणपत्राविना चालतो, पण पैसे घेऊन काम केले की प्रमाणपत्र हवे. त्यासाठी दहावी उत्तीर्ण असणे आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेणे आवश्यक आहे. अशा ड्रोनचा त्रयस्थांसाठीचा विमाही लागतो. ट्रॅक कोणत्या हवाई क्षेत्रात येतो, हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर पाहावे. हिरव्या क्षेत्रात साधारणतः ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाजवळ मात्र नियम कडक होतात. कोइमतूरला नागरी विमानतळ आहे आणि सुलूरला हवाई दलाचा तळ, हे करी ट्रॅकवर जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. नकाशा हिरवा असला तरी स्थानिक पोलिसांचा मनाई हुकूम नाही ना, याचीही चौकशी करावी. ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घालण्यात आली. तेव्हा जुना परदेशी ड्रोन स्वस्तात मिळतो म्हणून कागदपत्रे न पाहता घेऊ नये.

शेवटी व्यवहाराचे. परवानगी स्वाराकडून नव्हे, तर ट्रॅकच्या व्यवस्थापनाकडून आणि आयोजकाकडून लेखी घ्यावी. व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला आहेच. मजुरी दिवसाची ठरवावी, क्लिपमागे नव्हे. क्लिपमागे पैसे ठरले की आणखी जवळ, आणखी खाली जाण्याचा मोह होतो आणि गिऱ्हाईकही तसा आग्रह धरते. वारा किंवा लाल झेंडा यांमुळे उड्डाण झाले नाही तर किती पैसे मिळतील, हेही आधीच लिहून घ्यावे. आणि तिपाई व लांब पल्ल्याची लेन्स असलेला साधा कॅमेरा सोबत न्यावा, म्हणजे ड्रोन पेटीत राहिला तरी दिवस फुकट जात नाही.