पीआरपीने गुडघ्याची गादी पुन्हा तयार होते का?

एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणतात, गुडघ्यातली गादी झिजली आहे. ऑपरेशनच्या धास्तीने माणूस दुसरा मार्ग शोधू लागतो आणि पीआरपी, स्टेम सेल (मूलपेशी) यांच्या जाहिराती त्याला गाठतात. साठवलेले पैसे मोजण्याआधी त्यातलं खरं काय, हे रुग्णाला आणि घरच्यांना कळायलाच हवं.

गैरसमज : पीआरपीमुळे झिजलेली कूर्चा, म्हणजे गादी, नव्याने तयार होते.
वस्तुस्थिती : रुग्णाचंच रक्त यंत्रात वेगाने फिरवून त्यातला प्लेटलेट्सचं प्रमाण जास्त असलेला भाग वेगळा काढतात, तो पीआरपी. जखम भरायला मदत करणारी प्रथिनं प्लेटलेट्समधून बाहेर पडतात, म्हणून ही आशा. पण कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात. ती भरून येणं फार अवघड. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांपैकी काहींना पीआरपीची, काहींना नुसत्या सलाइनची ३ इंजेक्शनं दिली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वर्षभरानंतर दुखण्यात किंवा कूर्चेच्या मापात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

गैरसमज : शेजारच्या काकूंना गुण आला, म्हणजे आपल्यालाही येणार.
वस्तुस्थिती : काकूंचा आराम खराच असतो. पण वरच्या अभ्यासात सलाइन घेतलेल्यांचंही दुखणं कमी झालं होतं. झिजेमुळे होणाऱ्या संधिवाताचं दुखणं वाढतं, ओसरतं. ते टिपेला पोचल्यावर आपण दवाखाना गाठतो, त्यामुळे पुढचा उतार इंजेक्शनच्या खात्यात जमा होतो. काही लहान अभ्यासांत पीआरपीने आराम दिसला आहे. तरीही अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी ते न वापरण्याची शिफारस केली. ते तयार करण्याची पद्धत जागोजागी वेगळी असते, हे त्यामागचं एक कारण.

गैरसमज : सांध्याला नाही, तरी स्नायुबंधांना हमखास फायदा होतो.
वस्तुस्थिती : टाचेमागचा स्नायुबंध दुखणाऱ्या २४० रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात पीआरपी आणि खोटं इंजेक्शन यांत ६ महिन्यांनी फरक आढळला नाही.

गैरसमज : स्टेम सेल त्याहून प्रभावी.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात (२०२३) तीन प्रकारच्या पेशी-इंजेक्शनांपैकी एकही वर्षभरानंतर नेहमीच्या स्टेरॉइड इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. भारतात २०२२ मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी एका स्टेम सेल उत्पादनाला परवानगी मिळाली. ती त्या उत्पादनापुरतीच आहे. दवाखान्यात पोटाची चरबी काढून टोचलेल्या पेशींना लागू होत नाही.

गैरसमज : स्वतःचंच रक्त, मग धोका कसला?
वस्तुस्थिती : काही दिवस ठणका आणि सूज येऊ शकते. क्वचित सांध्यात जंतुसंसर्ग होतो. ताप आला, गुडघा लाल, गरम झाला, पाय टेकवेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, प्लेटलेट्स कमी असतील किंवा कॅन्सर असेल, तर आधीच सांगा.

इंजेक्शनआधी काय?
मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम नियमित करा. वजन जास्त असेल तर उतरवा. १ किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. तरीही इंजेक्शनचा सल्ला मिळाला, तर विचारा : माझी झीज कोणत्या टप्प्यावर आहे? आराम किती आणि किती काळ अपेक्षित आहे? एकूण खर्च किती? फरक पडला नाही तर पुढे काय? प्रामाणिक डॉक्टर नवी कूर्चा मिळेल असं वचन देणार नाहीत. जिथे असं वचन मिळेल, तिथे पैसे भरू नका. दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांचं मत घ्या.