विचारायचं राहूनच गेलं

मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 रोजी अमलात आला, त्याला सात वर्षं होऊन गेली. तरी गेल्या महिन्यात इथे उज्जैनमधल्या एका दवाखान्यात माझ्या मोठ्या भावाची गोळी बदलली ती त्याच्याशी एक शब्दही न बोलता. "झोपतो का नीट? घरात त्रास देतो का?" सगळे प्रश्न मला. दादा शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. तो संताप अजून उतरलेला नाही, म्हणून रुग्णाला न विचारण्याच्या सवयीचा हा मागोवा.

सुरुवातीच्या दशकांत मी रेंगाळणार नाही. 1952 मध्ये पॅरिसला डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझीन सायकोसिसवर वापरलं. तिथून पुढचा बराचसा इतिहास एका गोळीनंतर दुसरी गोळी असाच आहे. आपल्याकडे 1912 चा इंग्रजी कायदा जाऊन 1987 चा आला. त्यातही सारा जोर दाखल कसं करायचं, यावरच.

दादा आजारी पडला तेव्हा देवास गेटजवळ आमचं स्टेशनरीचं दुकान होतं. बिलं तो लिहायचा. आजोबांनी घोटून घेतलेलं टपोरं, वळणदार अक्षर. हॅलोपेरिडॉल सुरू झालं, कानातले आवाज मंदावले आणि बिलबुकातलं अक्षर आक्रसत मुंगीएवढं झालं. रकाना मोठा, आकडे कोपऱ्यात गोळा झालेले. या औषधाने स्नायू ताठरतात, हात कापतो, अक्षर बारीक होतं, हे वैद्यकाला आधीपासून ठाऊक होतं. केसपेपरवर मात्र 'सुधारणा आहे' एवढंच. आवाज थांबावेत ही घरच्यांची इच्छा होती, त्याला बिल लिहिता यायला हवं होतं. तो गोळ्या चुकवू लागला तसा 'आजाराची जाणीव नाही' असा शेरा पडला. पुढे 2005 मध्ये अमेरिकेतल्या 'केटी' या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्किझोफ्रेनियाच्या सुमारे दीड हजार रुग्णांपैकी 74 टक्क्यांनी दिलेलं औषध 18 महिन्यांच्या आत सोडलं होतं. कुणाला गुण आला नाही, कुणाला दुष्परिणाम सोसवले नाहीत, कुणी स्वतःच नको म्हटलं. या सगळ्यांनाच जाणीव नव्हती?

पुण्याकडून मात्र बरं काही कानावर येत होतं. कॅनडात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या आजारपणातून धडा घेऊन 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. याच आजारावरचा 2004 चा 'देवराई' चित्रपट आम्ही दादासोबत पाहिला. 1999 मध्ये भार्गवी दावर यांनी बापू ट्रस्ट सुरू केला आणि नातेवाइकांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला पुढे बोलावलं. मधेच 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली आणि साखळदंडांत बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. त्यानंतर बराच काळ 'मानसिक आरोग्य' म्हटलं की आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे.

पण 2007 ते 2017 ही वर्षं मी आशेने जगले. 2007 मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला आणि जुना कायदा त्यात बसत नाही, हे उघड झालं. गोवा, सातारा आणि तमिळनाडूत 'कोप्सी' ही चाचणी झाली. साताऱ्याचं काम हमीद दाभोलकरांच्या परिवर्तन संस्थेकडे होतं. स्किझोफ्रेनियाचे 282 रुग्ण. काहींना नेहमीचे उपचार, बाकीच्यांना ते उपचार आणि शिवाय घरी येणारा आरोग्य कार्यकर्ता. हा कार्यकर्ता डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेला त्याच भागातला माणूस. रुग्ण आणि घरचे यांच्याशी बोलून गरजा ठरवायच्या, औषधाबद्दल मोकळं बोलायचं, कामधंद्याकडे परतायला हात द्यायचा. 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. लक्षणांत फरक थोडा, रोजच्या जगण्यातल्या अडचणींत त्याहून अधिक. एका परिसंवादात एका ज्येष्ठ डॉक्टरांनी "फरक नगण्य" म्हणून हात झटकले. दादाला बिल लिहिता येणं त्यांच्या हिशेबात कुठे बसलं असतं, हे मला त्यांना तेव्हाच विचारायचं होतं.

आणि मग सीहोर. देवास गेटवर कंडक्टर "देवास, सोनकच्छ, आष्टा, सीहोर" ओरडतात, त्याच रस्त्यावरचा जिल्हा. 2011 पासून 'प्राइम' प्रकल्पाने तिथल्या सरकारी दवाखान्यांत मानसिक आजारांवर उपचार सुरू करून दाखवायचं ठरवलं. राहुल शिधये हे मराठी नाव त्या कामात पुढे होतं. त्यांच्याच चमूने 2016 मध्ये एक अभ्यास छापला: सेवेच्या आखणीत, देखरेखीत रुग्णाचा सहभाग किती? उत्तर होतं, जवळपास नाहीच. कलंक, गरिबी आणि माणसाचं म्हणणं ऐकण्याची सवयच नसणं. आमच्या दारावरून जाणाऱ्या बसच्या वाटेवर हे कुणीतरी शोधून छापलं, याचा मला त्या काळी फार आधार वाटला.

मग कायदा आला. कलम 5: शुद्धीवर असताना माणसाने लिहून ठेवावं की पुढे आपल्यावर कोणता उपचार करावा, कोणता करू नये. केंद्रीय आणि राज्य प्राधिकरणांत आजार भोगलेल्यांचे प्रतिनिधी. पण जिल्ह्यांच्या पुनरावलोकन मंडळात? तिथल्या दोन जागांवर रुग्ण, काळजीवाहू नाहीतर संस्थेचा माणूस, कुणीही चालतो. खुर्ची अशी मोकळी ठेवली की त्यावर नातेवाईक बसणार, हे ज्यांनी घरात हा आजार पाहिलाय त्यांना सांगायला नको. माणसाला स्वतःसाठी बोलू द्यावं, याच विचारासाठी दावर शेवटपर्यंत भांडत राहिल्या. 2024 मध्ये त्या गेल्या.

प्रकल्पांचे पैसे संपले. 2022 पासून टेलिमानस ही हेल्पलाइन आहे, 14416 या क्रमांकावर. रात्री-अपरात्री कुणीतरी फोन उचलतं, हे मोठंच आहे. पण दादाच्या थरथरत्या हाताकडे फोनवरून बघता येत नाही.

दादाने कलम 5 प्रमाणे आपलं म्हणणं लिहिलंय. हॅलोपेरिडॉल नको. बांधू नका. गोळी बदलायची तर आधी मला सांगा, हात कापायला लागले तर मी सांगेन. त्या दवाखान्याच्या खिडकीत तो कागद दिला तेव्हा आतल्या माणसाने उलटसुलट पाहून "ये कहाँ लगाना है?" म्हणून परत केला. पुढच्या तारखेला मी दाराबाहेर बसणार आहे. कागद घेऊन दादा एकटाच आत जाईल, आणि कागद फायलीला लावल्याशिवाय आम्ही दोघंही तिथून उठणार नाही.